अवकाश कार्यक्रम बंद करा म्हणू नका, आमचा वाटा टाका म्हणा



२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. देशभर पेढे वाटले गेले. तोच ऑगस्ट महिना देशात १९०१ सालापासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात आपल्या जिल्ह्यातले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके होते. तेव्हापासून बैठकीत भावाचा विषय निघाला की कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "चंद्रावर जायला यांच्याकडे पैसा आहे, ज्वारीला भाव द्यायला नाही. बंद करा ते अग्निबाण!" टाळ्या पडतात.

त्या टाळ्यांमागची चीड खरी आहे. मागणी मात्र चुकीची आहे. चुकीची मागणी करणारी चळवळ सरकारला फार आवडते, कारण ती मान्य केली तरी सरकारचे काही जात नाही आणि शेतकऱ्याला काही मिळत नाही. म्हणून हा विषय एकदा मुळापासून बोलून टाकू.

आधी हिशेब मांडू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी सुमारे १३,४०० कोटी रुपये धरले होते. सरकारचा एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. समजा, उद्या श्रीहरिकोटाला कुलूप लावले आणि सगळी रक्कम शेतकऱ्यांत वाटली. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशात १४ कोटी ६५ लाख वहिती खाती मोजली गेली. खात्यामागे वर्षाला येतात नऊशे-सव्वानऊशे रुपये. ज्वारी किंवा कापूस क्विंटलमागे शंभर रुपयांनी पडला तर दहा क्विंटल विकणाऱ्याचे हजार रुपये एका दुपारी जातात. अग्निबाण बंद करून वर्षभरात जे मिळेल, ते बाजार समितीच्या एका लिलावात वाहून जाईल.

आपली लूट कुठे होते हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संस्था यांनी २०१८ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारी धोरणांतून भारतीय शेतकऱ्याला मिळणारा आधार २०००-०१ ते २०१६-१७ या काळात सरासरी उणे १४ टक्के होता, असा त्यांचा हिशेब आहे. संघटना जी उणे सबसिडी चार दशके ओरडून सांगत आली, तीच ही. ५ मार्च २०१२ रोजी एका आदेशाने कापसाची निर्यात थांबवली गेली. एप्रिल २०२२ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. या कागदांवर सही करायला अग्निबाण लागत नाही, शाईचे पेन पुरते. चोर वाड्यात आहे आणि आपण आभाळाकडे पाहून शिव्या देत आहोत.

आता दुसरा प्रश्न. एखादा देश आपला अवकाश कार्यक्रम खरोखरच का सोडून देतो?

इंग्लंडने सोडला. त्यांनी ब्लॅक ॲरो नावाचा स्वतःचा अग्निबाण तयार केला. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून त्याने प्रॉस्पेरो हा उपग्रह वर नेऊन सोडला. गंमत अशी की कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय त्याआधीच जुलैमध्ये जाहीर झाला होता. कारण सांगितले गेले स्वस्ताईचे. अमेरिकेचा तयार अग्निबाण भाड्याने घेणे परवडते, मग घरचा कशाला पोसायचा? स्वतःच्या बळावर उपग्रह सोडण्याची ताकद कमावून ती टाकून देणारा देश म्हणून इंग्लंडचे नाव राहिले. घरचे बियाणे फेकून दुकानातली पिशवी धरणाऱ्यासारखी ही गोष्ट आहे. पहिल्या वर्षी परवडते, पुढे भाव दुकानदार ठरवतो.

अमेरिकेने चंद्र सोडला. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ सुटण्याच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीच्या दाराशी गेले. उपाशी माणसे असताना चंद्राचा खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल आपल्या सवालाचाच सख्खा भाऊ. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. बटण न दाबल्याने गरिबी संपणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढच्याच वर्षी ठरलेल्या तीन चांद्रमोहिमा रद्द झाल्या आणि डिसेंबर १९७२ नंतर तिथे अर्धे शतक कोणी माणूस उतरला नाही. त्यामुळे खेचरगाडीवाल्यांची गरिबी गेली असे अमेरिकेत कोणी म्हणत नाही. झेंडा रोवला, शर्यत जिंकली, लोकांचा रस संपला आणि पैसा आटला, एवढेच झाले.

तिसरी गोष्ट तर थेट शेतीशी जोडलेली आहे. जमीन, पीक आणि पाणी पाहणारा अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह १९७२ साली वर गेला. १९८५ साली त्याचा कारभार एका खाजगी कंपनीकडे दिला गेला. एका चित्राची किंमत हजारो डॉलरवर गेली. घेणारे कमी झाले. १९८९ साली पैसा नाही म्हणून फिरते, धडधाकट उपग्रह बंद करण्याचा आदेश निघाला. ऐनवेळी पैसे उभे करून तो टळला. २००८ साली सगळी चित्रे फुकट खुली केली आणि जगभर त्यांचा वापर वाढला. आज तो कार्यक्रम बंद करायची भाषा केली तर विरोधाला उभे राहणारे हजारो आहेत.

या तीन गोष्टींतून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. अवकाश कार्यक्रम गरिबीने मरत नाही. ज्यांच्या नावाने तो उभा केला त्यांच्या हाती त्यातले काही पडत नाही, तेव्हा तो मरतो. त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही.

आपला कार्यक्रम कोणाच्या नावाने उभा राहिला? २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. त्या जागेसाठी कोळ्यांनी आपले गाव आणि आपले चर्च सोडून दिले होते. विक्रम साराभाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितले होते की चंद्रावर जाण्यात किंवा माणसे वर पाठवण्यात आपण श्रीमंत देशांशी स्पर्धा करणार नाही, पण माणसाच्या खऱ्या अडचणी सोडवायला हे शास्त्र वापरण्यात कोणाच्या मागे राहणार नाही. १९७० च्या सुमारास देशात दूरसंवेदनाचा पहिला प्रयोग झाला तोही शेतावरच. केरळात माडाला लागलेला रोग हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर टिपून पाहिला गेला.

आपल्या शिवेवरची गोष्ट घ्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसना घेतलेला उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोचवले गेले. कर्नाटकातली खेडी होती विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली, म्हणजे आपल्या अक्कलकोट-मंगळवेढ्याला लागून असलेल्या कोरडवाहू पट्ट्यातली. शेती, आरोग्य, शाळा हे विषय. वर्ष संपले आणि धन्याने आपला उपग्रह परत नेला. उसन्या बैलावर वाफसा साधता येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून घरचा उपग्रह हवा, घरचा अग्निबाण हवा. या बाबतीत आम्ही इंग्लंडचा रस्ता धरणार नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी चळवळ तंत्रज्ञान बंद करा अशी मागणी कशी करील?

आता मुद्द्याचे. तो उपग्रह आज आपल्या शिवारात काय पाहतो?

२००६ सालापासून केंद्र सरकारचा फसल नावाचा कार्यक्रम चालू आहे. उपग्रह, हवामान आणि शेतावरची पाहणी यांवरून पीक कापणीआधीच पेरा किती आणि उत्पादन किती याचा अंदाज त्यात बांधला जातो. २०१२ पासून हे काम दिल्लीच्या महालनोबिस केंद्राकडे आहे. देशातली मोजकीच पिके या यादीत आहेत आणि त्यांत कापूस आहे आणि रब्बी ज्वारीही आहे. भावांनो, ही आपलीच दोन पिके. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी निसवायच्या आत ती आभाळातून मोजली जाते. आकडा दिल्लीच्या टेबलावर जातो. गावच्या चावडीवर तो येत नाही. लोकांसाठी जे आगाऊ अंदाज जाहीर होतात ते देशाचे आणि राज्याचे, लाख टनांत आणि लाख गाठींत. करमाळ्याच्या शेतकऱ्याला त्यावरून काय कळणार, की शेजारच्या चार जिल्ह्यांत पेरा घटला आहे तेव्हा कडबा आणि दाणा दोन महिने धरून ठेवावा?

पिकाचा आकडा आधी कोणाला कळतो, यावर भाव कोणाच्या खिशात जाणार हे ठरते. १९७२ साली रशियाचे पीक बुडाले. रशियाने गाजावाजा न करता अमेरिकेतून स्वस्तात धान्य उचलले. अमेरिकन शेतकऱ्यांनी गहू विकून टाकला आणि मग भाव चढले. त्यानंतर अमेरिकेने उपग्रहातून परदेशचा गहू मोजण्याचा मोठा प्रयोग हाती घेतला. त्याआधीची गोष्ट कापसाची आहे. १९०५ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातला एक अधिकारी कापसाच्या अंदाजाचे आकडे सट्टेवाल्यांना आधी कळवताना सापडला. खिडकीचा पडदा वर-खाली करून तो खूण देत असे. तेव्हापासून तिथे नियम घट्ट झाले. बंद खोलीत आकडे तयार करायचे आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला सगळ्या जगाला एकदम सांगायचे. शेतकऱ्याला, दलालाला आणि मंत्र्याला एकाच वेळी. आपल्याकडे खिडकीचा पडदा कोण हलवतो हे विचारायची सोयच नाही, कारण खिडकी कुठे आहे तेच आपल्याला माहीत नाही.

आकडा उघड्यावर असला की चूकही उघड्यावर येते. थुंब्याला अग्निबाणाचे घन इंधन तयार करणारे आपले वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली मान्सूनच्या अंदाजाचे १६ घटकांचे गणित आले. ते काही वर्षे चालले. २००२ साली सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता आणि पाऊस पडला ८१ टक्के. अंदाज जाहीर होता म्हणून चूक सगळ्या देशाने पाहिली आणि २००३ साली गणित बदलावे लागले. शास्त्र असेच सुधारते. जो आकडा कपाटात राहतो त्याची चूक कोण पकडणार?

आणि ही चूक आता आपल्या पोटावर येऊ लागली आहे. पूर्वी दुष्काळ ठरायचा पैसेवारीवर. तिच्यातही गडबडी होत्या, पण तलाठी कुठल्या शेतात उभा राहिला ते गावाला दिसायचे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, पावसाचे खंड, जमिनीतला ओलावा आणि त्यांच्या जोडीला उपग्रहाने मोजलेला पिकांचा हिरवेपणा हे निकष आले. शास्त्र म्हणून आम्हाला हे मान्य आहे. पण आभाळातून हिरवा रंग दिसतो, त्या हिरव्यात दाणा भरला की नाही ते सहज दिसत नाही. उजनीच्या कालव्याखालचा ऊस आणि माळावरची करपलेली ज्वारी एकाच तालुक्याच्या सरासरीत बसली, तर उसाची हिरवळ ज्वारीचा दुष्काळ झाकून टाकील. २०२३ साली ४० तालुके जाहीर झाल्यावर काही दिवसांतच उरलेल्या भागांतल्या १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य करावी लागली. तालुक्याच्या सरासरीत किती गावे हरवतात याचा हा सरकारी पुरावा आहे.

पीक विम्याचेही तेच. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांचे उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या अंदाजाला ३० टक्के वजन दिले गेले. २०२४ पासून सोयाबीन आले. ही पद्धत पिकापिकाने वाढत जाणार. कापणी प्रयोगात निदान पंचासमोर तराजू तरी असतो. उपग्रहाच्या तराजूपुढे आपला पंच कोण?

कोळ्यांकडे पाहा. ज्यांच्या बांधवांनी थुंब्याला गाव सोडले, त्या किनाऱ्यावरच्या माणसाला उपग्रहाचा वाटा मिळाला. समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान उपग्रहातून पाहून मासळी कुठे सापडेल याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यावरच्या भाषांत देते आणि बंदरांतल्या फलकांवर ती लागते. समुद्रातल्या मासळीचा पत्ता कोळ्याला मिळतो, मग स्वतःच्या रानातल्या पिकाचा आकडा कुणब्याला का मिळू नये?

उलट आपल्याकडे होते ते काढून घेतले गेले. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. तालुक्याचा हवामान अंदाज घेऊन पेरणी कधी, फवारणी कधी, पाणी कधी याचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी द्यायचा, हे त्यांचे काम. अशी १९९ केंद्रे देशात उभी राहिली आणि २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्याचा आदेश निघाला. पुढे ती पुन्हा उभी करण्याची भाषा झाली. त्याच २०२४ साली माणूस अवकाशात पाठवण्याच्या गगनयान कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर नेली गेली. आम्हाला गगनयानाचा हेवा नाही. पण अवकाश कार्यक्रम सोडून देणे म्हणतात ते हेच. अग्निबाण उडत राहतो, टाळ्या वाजत राहतात आणि त्याला जमिनीशी बांधणारी दोरी गुपचूप कापली जाते. इंग्लंडने वरचे टोक कापले, आपण खालचे कापत आहोत.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत 'अग्निबाण बंद करा' ही घोषणा होऊ नये. त्या जागी चार मागण्यांचा ठराव व्हावा.

पहिली. ज्वारी आणि कापूस यांचा पेरा आणि उत्पादन यांचा उपग्रहावरून बांधलेला जो अंदाज सरकारच्या हाती येतो, तो जिल्हावार, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम जाहीर व्हावा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा.

दुसरी. दुष्काळ किंवा विमा ठरवताना वापरलेले आपल्या महसूल मंडळाचे चित्र आणि आकडे गावाला पाहायला मिळावेत. बागायत आणि कोरडवाहू वेगळे मोजले जावे. ग्रामसभेने हरकत घेतली तर पंचांसमक्ष शेतावर जाऊन मोजणी व्हावी.

तिसरी. तालुक्याचा हवामान सल्ला देणारी केंद्रे माणसांसह कायमची चालू राहावीत.

चौथी. पिकाचा अंदाज हाती आल्यावर ऐन हंगामात निर्यातबंदी किंवा शुल्कमाफी करून भाव पाडण्याचा धंदा थांबावा. आमच्याच रानात डोकावून आमचाच भाव पाडायचा असेल तर त्याला शास्त्र म्हणत नाहीत, हेरगिरी म्हणतात.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. पहिल्याच ग्रामसभेत हा ठराव मांडा. ग्रामसेवक म्हणेल, हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. त्याला सांगा, उपग्रह आमच्या शेतावरून जातो, तेव्हा तो आमची परवानगी मागत नाही. निदान काय पाहिले ते सांगून तरी जाऊ दे. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि जिल्हा बैठकीला बरोबर आणा. पाचपन्नास गावांच्या नकला एकत्र झाल्या की त्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आपण सगळे मिळून जाऊ. भीक नको, हवे घामाचे दाम, ही आपली घोषणा आहे. घामाचा दाम ठरवणारा आकडाही आपल्याच घामाचा आहे. तो मागून घेऊ.